गुरुजींचा आवाज कोणी जाळला

१

गुलाब गुरुजी वारल्यानंतरही त्यांच्या घरात रोज संध्याकाळी त्यांचा आवाज येत असे. दुपारी गेलेली लाइट दिवेलागणीला परत आली की मागच्या खोलीतला कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हायचा आणि थोड्या वेळाने गुरुजी बोलायला लागायचे. मग एका संध्याकाळी त्या खोलीतून धूर निघाला. तेव्हापासून गुरुजींचा आवाज बंद झाला, आणि घरातलं मायलेकांचं बोलणंही.

हे मला त्यांच्या सुनेने, रश्मीने सांगितलं. बोरगावहून सौंसर आणि तिथून पांढुर्णा, अशी बस बदलत ती माझ्या दुकानात आली होती. चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा तिने लेकरासारखा मांडीवर धरला होता. बाजारपेठेत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. बिघडलेली मशीन घेऊन येणारी माणसं सहसा एकच विचारतात, कधी मिळेल. रश्मीने ते विचारलंच नाही.

"प्राजक्ताताई, तुम्ही फक्त माझ्या सासूले सांगा का हे आपल्या आपनच जळलं. कोनी काही केलं नाही."

"पण तसं असेल तरच सांगीन ना."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. नंतरची सगळी वर्षं ते गावोगाव हिंडून म्हाताऱ्या बायांच्या ओव्या रेकॉर्ड करत होते. जात्यावरच्या, बाळंतपणाच्या, बाबासाहेबांवर रचलेल्या. त्यातल्या कितीतरी बाया आता हयात नव्हत्या. ते सगळं या एका डिस्कवर होतं आणि दुसरी प्रत नव्हती. गुरुजींचा पहिला स्मृतिदिन जवळ आला होता. त्या दिवशी विहारात हे आवाज लोकांना ऐकवायचे ठरले होते.

"आई म्हनते, पोरानं बापाले दुसऱ्यांदा मारलं," रश्मी म्हणाली. "कार्यक्रम झाला का आपल्या बहिनीकडं चालल्या जातील. परत येत नाही म्हनते."

"आणि अतुलभाऊ काय म्हणतात?"

"काहीच नाही. हो म्हनत नाही, नाही म्हनत नाही. खाली मान घालते अन् तहसीलीत ड्युटीवर निघून जाते."

"तुम्हाला काय वाटतं?"

तिने चादरीच्या टोकाला गाठ मारली, सोडली. "खरं सांगू? तो आवाज बंद झाला तं मले बरं वाटलं. एका रेकॉर्डिंगमधी कोनीतरी दार वाजवते अन् बाबा म्हनतात, 'कोन हाये? या, आत या, दार उघडंच हाये.' कधी कधी मी संध्याकाळी अंगनातून आत येऊन राहिली का नेमकं तेच यायचं. पाय उंबरठ्यावरच थांबायचे. मी ह्याइले कितीदा सांगतलं, बंद करा म्हनून. कोनी आयकलं नाही."

एवढं बोलून ती उठली. दाराशी पोचल्यावर मागे वळून तिने विचारलं, "मशीनले कोनी मुद्दाम मारलं असन, तं ते तुम्हाले दिसते काय?"

"बहुतेक वेळा दिसतं," मी म्हणाले. तिचा चेहरा उतरलेला मला स्पष्ट दिसला.

२

दुपारी डबा उघडला. आत कापसाची बारीक लव साचली होती. आमच्याकडे वेचणीच्या दिवसांत ती सगळीकडे शिरते. जळका वास अजून होता.

पहिला संशय पॉवर सप्लायवर, मशीनला वीज पुरवणाऱ्या डबीवर. तो मेलेलाच होता. आतला एक कपॅसिटर फुगून फुटला होता आणि त्याचा चिकट रस पसरून काळा झाला होता. स्वस्तातला सप्लाय, त्यात गावातली वरखाली होणारी लाइट. असे सप्लाय माझ्याकडे पोत्याने येतात.

पण सप्लाय दोन प्रकारे मरतो. कधी तो भडकून मरतो. तेव्हा पाच व्होल्ट द्यायचे तिथे जास्त देतो आणि जाताना मदरबोर्ड, मेमरी, डिस्क जे हाताला लागेल ते सोबत नेतो. कधी तो विझून मरतो. त्याची वीज कमी कमी होत जाते आणि शेवटी सगळं गपकन बंद पडतं. गुरुजींचा सप्लाय विझून मेला होता. मी त्याचा एकेक भाग मोजून पाहिला. जास्त वीज बाहेर जावी असं त्यात काही बिघडलेलं नव्हतं.

मग दुकानातला चांगला सप्लाय लावला. मदरबोर्ड सुरू झाला. मेमरी चांगली, पंखा चांगला, सीडीचा ड्राइव्हसुद्धा चांगला. पडद्यावर अक्षरं आली आणि डिस्क सापडत नाही असं म्हणून थांबली.

आता डिस्क लावली. पंखा अर्धा फेरा फिरला आणि सगळं ठप्प झालं. डिस्क काढली की मशीन पुन्हा चालू. म्हणजे डिस्कमध्ये शॉर्ट होता. तिची हिरवी पट्टी उलटी करून मीटर लावला. पाच व्होल्टच्या वाटेवर तांदळाच्या दाण्याएवढा एक डायोड असतो. जास्त वीज आली की तो स्वतः जळतो, पण वीज पुढे जाऊ देत नाही. तो जळून आरपार जुळला होता.

मी मीटर खाली ठेवला.

सीडीचा ड्राइव्ह त्याच सप्लायच्या त्याच वायरवर डिस्कशेजारी होता. त्यालाही तेच पाच व्होल्ट जात होते. एका नळाचं पाणी दोन घागरींत पडावं आणि एकीतच विष निघावं, असं होत नाही. सप्लायने डिस्कला मारलं असतं तर ड्राइव्ह वाचला नसता.

मग मी सप्लायचे चार स्क्रू पुन्हा पाहिले. सगळ्या डब्यावर लव होती, पण स्क्रूंच्या डोक्यांवर नव्हती. एक तर आटे सोडून तिरका बसवलेला होता. आणि डब्याच्या तळाशी कोपऱ्यात पिवळ्या टेपचा नखाएवढा तुकडा पडला होता. तो या मशीनच्या कुठल्याच वायरचा नव्हता.

कोणीतरी जळका सप्लाय काढून दुसरा लावला होता. त्याने डिस्क मारली होती. मग जळका सप्लाय पुन्हा जागेवर बसवून दिला होता, गुन्हा त्याच्या नावावर जावा म्हणून.

३

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी बोरगावला गेले. इंदूमावशी अंगणात कापसाच्या ढिगाशी बसल्या होत्या. बारीक बांध्याची, ताठ बसणारी बाई. त्यांनी जय भीम घातला आणि मला सरळ मागच्या खोलीत नेलं.

खोलीत बाबासाहेबांची तसबीर, एक टेबल, खुर्ची, मायक्रोफोन. टेबलावर जिथे डबा असायचा तिथे लव नसलेला चौकोन उरला होता. खुर्चीसमोर एक पाट होता.

"मी इथं बसाची," मावशी म्हणाल्या. "ते बोलत, मी आयकत होती. मीबी सांगत होती त्याइले. आज वांगे निघाले, आज गाय आटली."

"मशीन आपोआप सुरू व्हायचं त्याची भीती नाही वाटली?"

"त्याइची कायची भीती?"

मी सांगितलं की ते भूतखेत नव्हतं. मदरबोर्डला एक सूचना देऊन ठेवता येते, लाइट आली की स्वतः सुरू हो. डब्याचं बटण तुटलेलं होतं, म्हणून गुरुजींनी तशी सोय केली असणार. आणि सुरू झालं की आदल्या दिवशी थांबली तिथून पुढची रेकॉर्डिंगं ओळीने वाजावीत, हीसुद्धा त्यांनीच केलेली सोय. मावशींनी शांतपणे ऐकलं.

"म्हनजे त्याइनंच केलं होतं ना," त्या म्हणाल्या. "मंग मी काय येगळं म्हनून राहिली."

मी धूर निघाला त्या संध्याकाळबद्दल विचारलं.

"गावातल्या अंबाबाई म्हातारीच्या ओव्या सुरू झाल्या होत्या. वास आला. मंग धूर. तरी हे बोलूनच राहिले होते. धुरातून आवाज येत होता, जसं काही झालंच नाही. रश्मीनं बाहेरून मेन स्विच पाडला, तवा गप झाले."

मी तो शब्द न शब्द मनात ठेवला. गुरुजींचा आवाज डिस्कवरून येत होता. धुरातही तो येत राहिला, म्हणजे धुराच्या वेळी डिस्क जिवंत होती.

"मग मशीन कोणी पाहिलं?"

"अंकुशले बोलावलं. ह्याइचा पुतन्या. सौंसरले गान्याची रेकॉर्डिंग करते. त्याले लगेच येनं जमलं नाही, लग्नाचे प्रोग्राम होते. तोवर डबा इथंच. अन् एक दिवस मी वावरातून लवकर आली, तं अतुल या खोलीतून निघून राहिला होता. दार लावून घेतलं होतं त्यानं आतून. हात काळे होते. मी इचारलं, काय करून राहिला? तं म्हने, काही नाही. मंग अंकुश आला, डिस्क काढून नेली, अन् परत आनून देली, म्हने काकू, ही तं मेली."

त्यांनी पाट उचलून भिंतीशी उभा केला.

"बापाचा आवाज याले कधीच आवडला नाही. जितेपनी बी नाही."

४

अंकुशचं रेकॉर्डिंगचं दुकान सौंसरच्या बस स्टँडच्या मागे, एका जिन्यावर. भीमगीतांच्या पार्टीत तो गातो आणि इतरांची गाणीही तिथेच बनवतो. माझं नाव सांगितल्यावर त्याने चहा मागवला, पण नजर सावध होती.

"अतुल म्हनला असन, अंकुशनंच खराब केली."

"अतुलभाऊंना मी अजून भेटलेच नाही. ते असं का म्हणतील?"

"काकानं मले ओव्या देल्या नव्हत्या म्हनून. मी म्हनलं होतं, खाली ढोलक टाकू, कीबोर्ड टाकू, पोरं आयकतीन. काका म्हने, जात्याची घरघर हेच त्याचं ढोलक हाये. भांडन नाही झालं, पन मी नाराज होतो. आता काकाच नाही तं नाराजी कायले ठेवू?"

"तुम्ही पाहायला गेलात तेव्हा सप्लायला हात लावला होता?"

"नाही जी. बाजूचा पत्रा उघडला, डिस्क काढली, इथं आनून लावली. माझं मशीनच सुरू होईना. तवा समजलं."

मी त्याच्या मशीनकडे पाहिलं. मोठा, महागाचा सप्लाय, ज्याच्या वायरी काढता-घालता येतात असा. आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला लाल टेप गुंडाळलेली.

"ही टेप कशासाठी?"

"पयले एक जुना सप्लाय होता माझ्यापाशी, दुसऱ्या कंपनीचा. त्याच्या वायरी पिवळ्या टेपच्या. नव्याच्या लाल. मिक्स नाही व्हाले पाह्यजे. टोकं सारखीच दिसतात, बसतात बी, पन आतल्या तारांची जागा येगळी रायते. याची त्याले लावली तं पाचाच्या वाटेनं बारा व्होल्ट जातात. माझी एक डिस्क तशीच गेली होती, तवापासून टेप लावतो."

मी पर्समधून तो पिवळा तुकडा काढून टेबलावर ठेवला. त्याने तो उचलला, बोटांत फिरवला, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"पिवळ्या वायरी कुठे आहेत?"

"जुना सप्लाय जळाला तवा फेकला. वायरी एका खोक्यात टाकून काकाच्या खोलीत ठेवल्या होत्या, टेबलाखाली. इथं जागा नाही." तो थांबला. "ताई, खोका माझा हाये, टेप माझी हाये. आता तुम्ही म्हनान का मीच केलं."

बाहेर छिंदवाड्याच्या बसचा कंडक्टर ओरडत होता. मी तुकडा परत घेतला.

"नाही म्हणणार. ज्याला हा धोका ठाऊक आहे तो ही चूक करत नाही. आणि मुद्दाम करायची असती तर तुम्ही मला आत्ता ती शिकवली नसती."

५

परतीची बस धरायच्या ऐवजी मी पुन्हा बोरगावकडे निघाले. रिक्षात बसून सगळं मनात मांडत होते. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा होत्या आणि ऊन कलत होतं.

रश्मीला आवाज नको होता. पण ज्याला आवाज नको आहे त्याच्यासाठी काम झालेलंच होतं, मशीन बंद पडलं होतं. डिस्क संपवायची तर ती काढून विहिरीत टाकता येते, दगडाने ठेचता येते. मारणारा माणूस नवीन सप्लाय आणून लावत नाही. ज्याने तो लावला त्याला डिस्क मेलेली नको होती. त्याला ती थोडा वेळ जिवंत हवी होती, तीही कोणाला न कळता आणि अंकुश यायच्या आधी.

म्हणजे डिस्कवर असं काहीतरी होतं जे अंकुशच्या, विहारातल्या लोकांच्या, किंवा मावशींच्या कानी पडायला नको होतं. रेकॉर्डिंगं ओळीने वाजत होती. धूर निघाला तेव्हा अंबाबाईच्या ओव्या लागल्या होत्या. मग पुढे काय होतं?

अंबाबाई गावाच्या टोकाला लेकीकडे राहत होत्या. डोळ्यांनी अधू, पण कान शाबूत. मी गुरुजींचं नाव काढताच त्यांनी माझा हात धरला.

"मास्तर गेले अन् मले कोनी म्हनतच नाही का बाई, म्हन म्हनून. जातं बी गेलं."

"तुम्ही गात असताना एखाद्या वेळी मधेच काही घडलं होतं का? रेकॉर्डिंग चालू असताना?"

त्यांनी हात सोडला. आत त्यांची लेक भाकरी थापत होती, त्याचाच आवाज येत होता.

"इंदूले नोको सांगू," शेवटी त्या म्हणाल्या. "ते वावरात गेली होती त्या दिवशी. मी मास्तरच्या घरी जात्यापाशी बसली होती, त्याइनं ते यंत्र लावलं होतं. तं अतुल आला. म्हने, नागपूरले दवाखान्यात चला, डॉक्टर म्हनून राहिला छाती बरी नाही, गाडी आनली हाये. मास्तर म्हने, हे बाई पिकलं पान हाये, हिचं झालं का जाऊ. तं पोरगं असं भडकलं, असं भडकलं."

"काय म्हणाला?"

"म्हने, मरा मंग या जात्याच्या आवाजात. मी खांदा बी द्याले येनार नाही." म्हातारीने पदराने डोळे पुसले. "अन् मास्तर त्याच आठवड्यात गेले, बाई. खांदा तं त्यानंच देला. घरापासून मसनापर्यंत त्यानं आपला खांदा कोनाले बदलू देला नाही."

६

पांढुर्ण्याला आल्यावर सकाळी मी तो जळका डायोड तापवून अलगद उचलला. पहारेकरी आपलं काम करून मेला होता. त्याच्या मागचं घर शाबूत असेल तर त्याला बाजूला केल्यावर दार उघडतं. डिस्कला योग्य सप्लाय जोडला आणि बटण दाबलं.

आधी काहीच झालं नाही. मग तिने श्वास घ्यावा तसा बारीक सूर धरला आणि फिरायला लागली.

पडद्यावर गावांची नावं आली. सगळ्यात आधी मी सगळ्याची प्रत करायला लावली. ती होईपर्यंत, आवाज चांगला आहे का हे पाहायला एक फाइल उघडली. दुकानात कोणी नव्हतं. समोरच्या रस्त्यावरून भाजीची हातगाडी चालली होती, लख्ख ऊन होतं. आणि माझ्या पाठीमागून, इतकं जवळून की मी मान वळवली, एक म्हातारा माणूस म्हणाला, "कोन हाये? या, आत या, दार उघडंच हाये."

मी ती बंद केली. रश्मीचे पाय उंबरठ्यावर का थांबत होते ते मला तेव्हा कळलं. समजावून सांगता येतं म्हणून अंगावरचा काटा खाली बसत नाही.

अतुलला फोन केला. तो त्याच दिवशी आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांखाली काळं. मी त्याच्यासमोर जळका सप्लाय, तिरका स्क्रू आणि पिवळा तुकडा ठेवला, आणि जे जसं उमजलं ते सांगितलं.

"सप्लाय कुठून आणलात?"

"नागपूरले सेकंडहँड मार्केटमधून. डिस्कची वायर नव्हती सोबत. टेबलाखाली खोक्यात सापडली, ते फक्त डिस्कलेच लावली. बसली, म्हनून वाटलं बरोबर असन. बटन नव्हतं, म्हनून प्लग लावला. टक असा आवाज आला, बस." तो हातांकडे बघत होता. "तो सप्लाय ऑफिसच्या कपाटात पडला हाये अजून."

"एवढी एक फाइल पुसायची होती."

"हो. रोज ड्युटीवरून येताना मी अंगनातूनच कान देत होतो, आज कुठवर आलं म्हनून. अंबाबाई सुरू झाल्या तवा मले जेवन गेलं नाही. मंग धूर निघाला अन् मले वाटलं, सुटलो. तं आई म्हने, अंकुशले देऊ, विहारात लावू." त्याने वर पाहिलं. "मी काय म्हनलो होतो ते तुम्ही आयकलं?"

"फाइल उघडली नाही. अंबाबाईंनी सांगितलं."

"आई मले बापाचा खुनी म्हनते. म्हनू दे. ते सहन होते. पन ते वाक्य तिनं माझ्या तोंडून आयकलं तं," तो थांबला. "ताई, डिस्क चालू झाली ना? तेवढी फाइल काढून टाका. बाकी सगळं आईले द्या. मी बिघडवलं, तुम्ही सुधरवलं, एवढंच सांगा."

बोट ठेवायचा अवकाश होता. कोणाचं काही अडलं नसतं.

"हे मशीन मला रश्मीने आणून दिलं," मी म्हणाले, "पण आवाज तुमच्या आईचा आहे. पुसायचा तर त्यांना विचारून पुसू. तुम्ही विचारा, मी सोबत येते."

तो उठला आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बराच वेळ उभा राहिला. तो तसाच निघून जाईल असं मला वाटलं. मग आत येऊन त्याने डबा उचलला.

७

बोरगावात पोचलो तेव्हा लाइट यायची होती. मागच्या खोलीत मी नवा सप्लाय बसवलेला डबा टेबलावर ठेवून वायरी जोडल्या. मावशी दारात उभ्या होत्या, रश्मी त्यांच्या मागे. अतुल खुर्चीला धरून उभा होता.

त्याने सांगितलं. सप्लाय, वायर, टक असा आवाज, सगळं. मग ते वाक्यही सांगितलं, शब्द न गाळता. सांगताना त्याचा आवाज एवढा खाली गेला की रश्मी दोन पावलं पुढे आली.

मावशींनी भिंतीशी उभा केलेला पाट काढून खाली ठेवला.

"मी घरीच होती," त्या म्हणाल्या.

अतुलला कळलं नाही.

"वावरात गेली होती, पन विळा राह्यला म्हनून परतली. सैपाकखोलीत होती. तू जसा म्हनला तसा मी आयकला. अन् मंग इथं दोनदा वाजलं ते, तुमी दोघं रश्मीच्या माहेरी होते तवा. मी सारं पुन्हा आयकलं."

"मंग बोलली काऊन नाही?"

"तू सांगशीन म्हनून." त्या भिंतीला टेकल्या. "बापाच्या काळजीनं बोलला, एवढं मले समजत नाही काय? पन तू त्याइचा आवाज जाळला, असं वाटलं, ते मले सहन नाही झालं."

तेवढ्यात लाइट आली. डब्यातला पंखा फिरायला लागला. रश्मीने नकळत चौकट घट्ट धरली. मी अतुलकडे पाहिलं, त्याने आईकडे.

"पुसू का आई?"

"तू रागानं गेला, तेवढंच तुले ठाऊक हाये," मावशी म्हणाल्या. "पुढचं आयक."

मी ती फाइल लावली. जात्याची घरघर. मग अतुलचा आवाज, संतापलेला. ते वाक्य आलं तेव्हा अतुलने डोळे मिटले. दार आपटलं. त्यानंतर नुसती खरखर होती, खूप वेळ. जातं थांबलं होतं. कोणी काही बोलत नव्हतं. एक म्हातारा माणूस श्वास घेत होता, तो कष्टाने येत होता आणि मायक्रोफोनने सगळा टिपला होता.

मग जातं पुन्हा फिरायला लागलं. अंबाबाईने कोणी न सांगता, तिथल्या तिथे जुळवलेली ओवी धरली:

*दळता दळता बाई, पीठ सांडे भुईवर,*
*लेक गेला रागानं, डोया माझा वाटंवर.*

जातं मंदावलं. गुरुजींनी घसा साफ केला.

"अंबाबाई," ते म्हणाले, "हे पुन्हा एकदा म्हना."

तिने ती पुन्हा म्हटली. अतुल पाटावर बसला होता, कधी बसला ते मी पाहिलं नाही. मावशींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि नजर पडद्याकडे होती. रश्मी चौकट सोडून आत आली आणि सासूच्या शेजारी जमिनीवर बसली. मी माझी पिशवी उचलली आणि आवाज न करता अंगणात निघाले. आत गुरुजी पुढच्या ओवीचं गाव आणि गाणाऱ्या बाईचं नाव सांगत होते.